पंप माझ्या पिशवीत होता

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सीआरपी ताईंनी केलेलं मनोगत. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत. भाषा शक्यतो बोलली तशीच ठेवली आहे.)

 

अध्यक्षताईंनी मला बोलायला उभं केलंय ते सायकलवर फलटणहून पंढरपूरला गेलो त्याबद्दल. म्हणाल्या, सांगा, बायांना हुरूप येईल. हुरूप आला तर चांगलंच आहे. पण त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती वगळून बाकीचं सांगितलं तर ते खोटं होईल. ज्यांच्या बाबतीत चूक झाली त्या आक्का इथंच तिसऱ्या रांगेत बसल्यात. त्यांना विचारूनच बोलतेय. त्या म्हणाल्या, "सांग, पण लई रडवू नको."

आधी सायकल माझ्याकडं कशी आली ते सांगते. मुलगी बारावी झाली, नर्सिंगला पुण्याला गेली. तिची सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत होती. मी तेव्हा नुकतीच सीआरपी झाले होते. सहा गट, चार वाड्या, सगळं पायी. रजिस्टर डोक्यावर, पिशवी खांद्यावर, आणि बैठकीला पोचेपर्यंत निम्म्या बाया उठून गेलेल्या. एकदा मालक म्हणाले, सायकल विकून टाकू, भंगारवाला आलाय. मी म्हटलं थांबा. का थांबा म्हटलं ते मलाही नीट माहीत नव्हतं.

शिकले ते खळ्यावर, रात्री जेवणं उरकल्यावर, कुणी बघू नये म्हणून. वय एक्केचाळीस. चार वेळा पडले, कोपर सोलला, घरी सांगितलं गोठ्यात घसरले. पंधरा दिवसांनी सकाळी उजेडात गावातून निघाले तर पाराजवळचे एक आजोबा म्हणाले, "आता हेच बघायचं राहिलं होतं." मी घंटी वाजवली आणि पुढं गेले. दुसरं काय करणार, ब्रेक दाबायचा नीट जमत नव्हता अजून!

आपण काही जगावेगळं केलं असं समजू नका. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथं १९९१ च्या आसपास साक्षरता मोहीम जोरात चालली होती, आणि शीला राणी चुंकत नावाच्या बाई कलेक्टर होत्या. अक्षरं शिकवताना बायांना सायकलही शिकवायची असं तिथं ठरलं. शेतमजूर बाया, दगडखाणीत काम करणाऱ्या बाया, हजारोंनी शिकल्या. बाजारात लेडीज सायकली मिळेनात तर त्यांनी जेंट्स घेतल्या, आणि म्हणाल्या हीच बरी, पुढच्या दांडीवर पोर बसतं. पी. साईनाथ या पत्रकारांनी त्यावर लिहिलंय, आमच्या प्रशिक्षणात एका सरांनी ते वाचून दाखवलं होतं. दांडीवर पोर बसतं हे वाक्य मला तेव्हापासून पाठ आहे.

तर माझं बघून गटातल्या आणखी काही जणी शिकल्या. कुणी मुलाची सायकल घेतली, एकीनं अंतर्गत कर्ज काढून जुनी घेतली. आणि एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, दरवर्षी माउलींची पालखी आपल्या दारावरून जाते, आपण वारकऱ्यांना चहा देतो, पिठलं-भाकरी देतो, आणि आपण कधीच जात नाही. पंधरा दिवस घर सोडून कसं जाणार? मग दुसरी म्हणाली, सायकलवर एका दिवसात जाता येईल का? सगळ्या हसल्या. पण तो विषय मिटला नाही.

दोन महिने तयारी केली. दर रविवारी थोडं थोडं अंतर वाढवत गेलो. एक गोष्ट तेव्हा कळली ती सगळ्यांच्या उपयोगाची म्हणून सांगते. आपण बाया पडायच्या भीतीनं सीट अगदी खाली ठेवतो. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून. मग पायडल मारताना गुडघा वर छातीशी येतो, आणि दहा किलोमीटरमध्ये गुडघे भरून येतात. मग आपण म्हणतो, वय झालं. वय नाही झालं, सीट खाली आहे. पायडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, गुडघ्यात थोडासा वाक राहिला की झालं. पान्यानं एक नट सैल करायचा, एवढंच काम. आक्कांचे गुडघे दोन वर्षं दुखत होते, तेल लावून लावून बाटल्या संपल्या होत्या. सायकलवरचं दुखणं सीट चढवल्यावर थांबलं. चढण्या-उतरण्याचं दुखतं अजून, ते वेगळं.

संक्रांत झाल्यावरच्या रविवारी निघालो. सात जणी. सर्वांत धाकटी बावीस वर्षांची, सर्वांत मोठ्या आक्का, त्रेपन्न. पाच जणी पंजाबी ड्रेसवर, आक्का आणि मी साडीवर, कासोटा घालून, पदर खोचून. माझ्या सायकलला चेनकव्हर आहे आणि मागच्या चाकाला जाळी आहे, म्हणून साडी चालली. नसती तर चाललीच नसती. गटाच्या पैशाला हात लावला नव्हता हेही सांगून टाकते, कारण नंतर गावात तशी बोलणी झाली. परत येताना सायकली आणायला टेम्पो ठरवला होता, ३,५०० रुपये, प्रत्येकीनं आपापले ५०० घातले.

सहा वाजता फलटणच्या राममंदिरापुढून निघालो. अंधार होता, थंडी अशी की हँडल धरवत नव्हतं. धाकटीनं हातात मोजे घातले होते, पायातलेच. बरडला पोचेपर्यंत उजाडलं, चहा घेतला. पालखी मार्ग आता चौपदरी झालाय. रस्ता गुळगुळीत आहे, सायकल पळते, पण रुंदीकरणात झाडं गेली. लहानपणी मी आजीबरोबर याच रस्त्यानं बरडपर्यंत पालखीमागं चालले होते तेव्हा दोन्ही बाजूंनी वड होते. आता सावली शोधावी लागते ती पुलाखाली नाहीतर टपरीच्या पत्र्याखाली.

धर्मपुरीला सातारा जिल्हा संपतो, सोलापूर लागतो. तिथं बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पाणी किती आणि कसं प्यायचं ते आम्ही आधीच ठरवलं होतं. एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, तहान लागो न लागो, थोड्या थोड्या वेळानं दोन घोट. पण बायांचं तुम्हाला माहीत आहे. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठं? म्हणून आपण पाणीच पीत नाही. एसटीनं प्रवास करताना पण नाही पीत. मग लघवीला जळजळ, मग कळ, मग दवाखाना. त्यासाठी आम्ही आधी एकीच्या मुलाच्या मोबाइलवर रस्त्यातले पेट्रोलपंप बघून ठेवले होते. पेट्रोलपंपावर पिण्याचं पाणी, संडास-बाथरूम आणि चाकात भरायची हवा या गोष्टी फुकट द्याव्या लागतात, पेट्रोल घ्या नाहीतर नका घेऊ. हे लक्षात ठेवा. त्या दिवशी एकीची पाळी होती. ती आदल्या दिवशी म्हणाली, मी येत नाही. आम्ही म्हटलं, पंप मोजलेत, ये. ती आली.

नातेपुत्यापर्यंत सगळं मजेत. उजव्या हाताला लांबवर शिखर शिंगणापूरचा डोंगर, दोन्ही बाजूला ऊस, नीरा उजव्या कालव्याचं पाणी जिथंपर्यंत पोचतं तिथंपर्यंत हिरवंगार आणि त्यापलीकडं एकदम माळ. ऊसतोड जोरात चालू होती. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर टेपरेकॉर्डर लावून जायचे, अंगावर पाचट उडायचं. ट्रॉली मागून आली की आम्ही रस्त्याच्या कडेला उतरून उभ्या राहायचो. यात लाज धरायची नाही. ट्रॉलीवाल्याला आपण दिसत नाही.

नकाशात बघितलं तर फलटणपासून पंढरपूरकडं रस्ता हळूहळू उतरत जातो. म्हणून आम्हाला वाटलेलं की सायकल आपोआप पळेल. पण हिवाळ्यात आपल्याकडं वारा पूर्वेकडून येतो, म्हणजे बरोब्बर आमच्या तोंडावर. नातेपुत्याच्या पुढं ऊन वर आल्यावर वारा जो सुटला, तो उतारावरही पायडल मारायला लावत होता. सगळ्यांची बोलणी बंद झाली. आपापल्या पुढच्या चाकाकडं बघत चाललो होतो.

आणि इथं माझं चुकलं.

मी सगळ्यांत पुढं होते. मीच काढलेली सहल, मीच सीआरपी, मीच पुढं. मला वेळेचं पडलं होतं. दिवस मावळायच्या आत पोचायचं, घरी सगळ्यांना तसा शब्द दिला होता. सदाशिवनगर गेलं, माळशिरस गेलं. मागं वळून बघितलं की रांग दिसायची, मी मोजायचे नाही. माळशिरसच्या पुढं तर मी मागंही बघितलं नाही. खुडूसच्या फाट्यावर थांबले, पालखीचं रिंगण होतं ना, तिथं. एकेक जण आली. मोजलं तर सहा.

आक्का नव्हत्या.

फोन लावला तर त्यांच्या घरात लागला. सुनेनं उचलला. आक्कांनी फोन घरीच ठेवला होता, कारण घरात तो एकच आणि नातवाचा अभ्यास त्याच्यावर. हे मला माहीत होतं की नाही? मला माहीत असायला हवं होतं. त्यांच्या गटाचं रजिस्टर मी लिहिते, त्यांच्या घरात किती शेळ्या, किती माणसं, सगळं मला पाठ आहे. फोन किती ते मी कधी विचारलं नव्हतं.

बाकीच्यांना तिथंच बसवलं आणि मी उलटी फिरले. वारा आता पाठीमागून, सायकल सुसाट, आणि त्या सुसाट जाण्याचा मला इतका राग येत होता की काय सांगू. चार-पाच किलोमीटर गेले. एका मोरीच्या कठड्यापाशी सायकल उलटी करून ठेवलेली दिसली आणि शेजारी आक्का. त्यांच्याजवळ ऊसतोडीची एक बाई उकिडवी बसली होती. तिनं स्वतःच्या कळशीतलं पाणी आक्कांना दिलं होतं. पहाटे चारपासून ती फडात होती, नवरा मोळ्या बांधत होता. बीडकडची. तिनं मला विचारलं, "तुमीच का पुढारी?" मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही, कोयता उचलून फडात गेली.

मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला होता. आक्कांनी चाकातला काटा स्वतः शोधून काढला होता, पण हवा भरायला पंप नाही, चिकटवायला ठिगळ नाही. कारण पंप, सोल्युशन, कानस, पाने, सगळं माझ्या पिशवीत. मी पुढं, पंप माझ्याबरोबर पुढं, आणि पंक्चर मागं. अर्धा-पाऊण तास त्या उन्हात बसून होत्या.

मी म्हटलं, "आक्का, तुम्ही हाक का नाही मारली?"

त्या म्हणाल्या, "मारली की. वारा समोरनं होता. आन तू बैठकीत तरी कुठं ऐकतीस?"

ताईंनो, हे तुम्हाला कळायला एक गोष्ट सांगावी लागेल. त्याच्या आधीचे तीन महिने आक्कांचा हप्ता थकला होता. आणि मी दर बैठकीत थकबाकीची नावं मोठ्यानं वाचत होते. दशसूत्रीत नियमित परतफेड आहे, ते बरोबरच आहे, ग्रेडिंग बघताना तेच बघतात. पण मी नाव वाचायचे आणि पुढच्या विषयावर जायचे. का थकलाय, हे एकदाही विचारलं नाही. आक्का मान खाली घालून बसायच्या. मला वाटायचं, मान खाली घातली म्हणजे समजलं.

त्या मोरीवर बसून आम्ही पंक्चर काढलं. मागचं चाक न खोलताच टायरची एक बाजू उचकटून ट्यूब बाहेर ओढली, डब्याच्या झाकणात पाणी घेऊन बुडबुडा कुठून येतोय ते बघितलं. पहिलं ठिगळ बसलंच नाही. सोल्युशन लावल्यावर ते जरा वाळू द्यायचं असतं, बोटाला चिकटेल-न चिकटेल असं झालं की मगच ठिगळ दाबायचं. मी घाई केली. घाई करायचा माझा दिवसच होता तो. दुसऱ्या वेळी आक्का म्हणाल्या, "थांब जरा." थांबले. त्या थांबलेल्या वेळात त्यांनी मला हप्ता का थकला ते सांगितलं.

काय सांगितलं ते मी इथं सांगणार नाही. ते त्यांचं आहे. एवढंच सांगते की ते कुणाही बाईला भर बैठकीत सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि पैसे त्यांनी स्वतःवर एक रुपयाही उडवले नव्हते. दुसरं ठिगळ बसलं. टायर चढवण्याआधी त्यांनी आतून सगळा टायर बोटानं चाचपला, एक तुटका काटा अजून आत होता. तो राहिला असता तर पुढच्या किलोमीटरला परत पंक्चर.

खुडूसला येईपर्यंत दोन वाजले. जेवलो. मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी आहे. मग धाकटी म्हणाली, आता आक्का पुढं चालतील. आक्का म्हणाल्या, मी पुढं गेले तर मध्यरात्र होईल. धाकटी म्हणाली, होऊ दे. आक्का पुढं, त्यांच्या मागं सगळ्या, सगळ्यांत शेवटी मी, पंप घेऊन. गंमत बघा, आक्का पुढं गेल्यावर त्या हळू चालवत नव्हत्या. मागं राहिलेलं माणूस सारखं गाठायच्या नादात दमतं, पुढं त्याला त्याची चाल सापडते. वेग थोडा कमी झाला, पण थांबणं पण कमी झालं.

वेळापूरला सव्वातीन. अर्धनारीनटेश्वराच्या देवळात जायचं ठरलं होतं, ते राहिलं, बाहेरूनच हात जोडले. भंडीशेगावला ऊन कलतं झालं. माझ्या हाताची बोटं बधिर झाली होती, बसायच्या जागेचं तर विचारूच नका. वाखरीला दिवस मावळला. अंधारात शेवटचे पाच-सहा किलोमीटर मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. ट्रॉल्यांच्या मागं लाल दिवा नसतो. आम्ही मागं लाल कापड आणि बॅटऱ्या बांधल्या होत्या, पण परत कधी अंधारात चालवणार नाही. सात वाजता पंढरपुरात पोचलो. शंभरावर किलोमीटर झाले होते. घरी फोन केले, शब्द एका तासानं चुकला म्हणून थोडं ऐकून घेतलं.

दर्शनाची मोठी रांग होती, पायावर डोकं ठेवायला अंगात त्राण नव्हतं, मुखदर्शन घेतलं. नामदेव पायरीपाशी आक्का बराच वेळ बसून राहिल्या. मी शेजारी बसले. काही बोललो नाही.

पुढच्या बैठकीत मी आक्कांचं नाव वाचलं नाही. आधी त्यांच्या घरी गेले. मग त्यांच्या परवानगीनं गटासमोर एवढंच ठेवलं की अडचण खरी आहे, हप्ता निम्मा करून मुदत वाढवावी का. दोन जणी नको म्हणाल्या. म्हणाल्या, आज एकीला सवलत दिली तर उद्या सगळ्या मागतील. त्यांचंही खोटं नव्हतं, तासभर वाद झाला, एक जण उठून गेली. शेवटी ठराव झाला, रजिस्टरला लिहिला. सात महिने झाले, निम्मा हप्ता एकदाही चुकलेला नाही. उठून गेलेली ताई मात्र अजून माझ्याशी तुटकच बोलते. आता नावं वाचायच्या आधी मी घरी जाऊन येते. त्यानं माझं काम वाढलंय, आणि प्रत्येक वेळी कारण खरंच असतं असंही नाही. दोन घरी गेले तर निव्वळ टाळाटाळ निघाली. तिथं नाव वाचलंच.

या हिवाळ्यात परत जायचंय. या वेळी दोन दिवसांत, वेळापूरला मुक्काम करून, उजेडातच. ज्यांना यायचं त्यांनी आत्तापासून रविवारी यायला लागा, आणि येताना आधी सीट वर करून या. सायकल नसेल तर गटात मागणी करा, अंतर्गत कर्जात बसतं. फोन सगळ्यांनी आणायचा, नसेल तर आधी सांगायचं, जोडी लावून देऊ.

पंप आता आक्कांकडं असतो. वाडीतल्या कुणाच्याही चाकात हवा कमी असली तर त्यांच्या दारात जा. तेवढं करून चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, वेळ काढून जा.